उद्यानातली पक्षीफेरी : सप्टेंबर ते जून, कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर, रविवार

पावसाने उघडीप दिली, म्हणून मार्ग ठरवायचं काम आजच उरकलं. उद्यानाला गोल रस्ता आहेच, त्यावरून गटाला फिरवून आणलं की झाली फेरी, असं बहुतेकांना वाटतं. पण सकाळी सूर्य पाठीशी हवा. ऊन समोरून आलं की सगळेच पक्षी काळे दिसतात, आणि नवख्या माणसाला बुलबुल कोणता नि कोतवाल कोणता हे सांगूनही पटत नाही. म्हणून सुरुवात पूर्वेच्या फाटकापासून, तोंड पश्चिमेकडे. परतताना झाडीच्या सावलीतून.

थांबे असे ठरले : फाटकाजवळची फुलझाडं, मधली हिरवळ, जुना पिंपळ, तळ्याचा कठडा, बांबूचं बेट आणि त्यामागचा खतखड्डा. खतखड्ड्याला एकीने नाक मुरडलं. पण किडे तिथे, म्हणून दयाळ तिथे, सातभाई तिथे. धोबी पक्षी आले की तेही तिथेच उतरतील. वासाचं पाहून घेऊ.

गट बारा जणांचा, त्याहून मोठा नको. पायवाट अरुंद आहे. रांग लांबली की शेवटच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

फुलझाडांवर जांभळ्या शिंजिराचे नर विणीचा पोशाख उतरवताहेत. चकचकीत जांभळा रंग गेलाय. वरून मळकट तपकिरी, खालून फिकट पिवळा, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकच काळपट पट्टी. पुस्तकातलं चित्र बघून आलेल्याला हा पक्षी ओळखू येणार नाही. पहिल्याच थांब्यावर ही पट्टी दाखवायची.

२२ सप्टेंबर

स्वयंसेवकांची तालीम. निम्मा वेळ दुर्बिणींवर गेला आणि तो जायलाच हवा होता.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ आल्यासारखा दिसतो, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण जास्त चांगली असं सगळ्यांनाच वाटतं. पण हात थरथरला की तेही दहापट मोठं होऊन दिसतं, शिवाय दिसणारा परीघ सहसा लहान होतो. पानांआड हलणारा वटवट्या शोधायला आठपटच बरी. चष्मेवाल्यांनी डोळ्यांकडची रबरी वाटी खाली करायची. मधली घडी दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत मिटायची. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्याचं जमवायचं, नंतर डावा झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. हे एकदाच केलं की दिवसभर फक्त मधलं चाक पुरतं. वर्षानुवर्षं दुर्बीण वापरणाऱ्या एका काकांना ती कडी कशासाठी असते हे आज कळलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचा, आणि नजर न हलवता दुर्बीण मध्ये आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

दुसरं शिकवायचं ते दाखवण्याचं. ‘तो बघा तिथे, त्या फांदीवर’ हे वाक्य बंद. झाडाला घड्याळ समजायचं : शेंडा बारा वाजता, उजवीकडची टोकाची फांदी तीन वाजता. आधी झाड सांगायचं, मग वेळ, मग खोडापासून किती आत. स्वयंसेवकांनी एकमेकांना पिंपळावरचं एकच वाळकं पान शोधायला लावून याचा सराव केला. पानावर जमलं तर पक्ष्यावर जमेल.

६ ऑक्टोबर

पहिली खुली फेरी. लोक दोन तऱ्हेचे आले. काहींना नावं हवी होती, भराभर. काही मुलांबरोबर आले होते आणि मुलं शांत राहतील का या काळजीत होते. मुलं शांत राहिली नाहीत, आणि त्याने फारसं बिघडलंही नाही. उद्यानातल्या पक्ष्यांना माणसांच्या आवाजाची सवय असते. त्यांना दचकवते ती अचानक झालेली हालचाल आणि त्यांच्या दिशेने उगारलेलं बोट. मुलांना एवढंच सांगितलं : बोट दाखवायचं तर कोपर अंगाला चिकटवून.

हिरवळीवर खंड्या बसला होता, तळ्याकडे पाठ करून. ‘हा पाण्याकाठचा पक्षी ना?’ असा प्रश्न आला. पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून लांबही मजेत राहतो. नाकतोडे, सरडे, गांडुळं, जे मिळेल ते खातो. उत्तर देईपर्यंत तो गवतात उतरला आणि नाकतोडा घेऊन परत त्याच खांबावर आला. नाकतोडा खांबावर आपटला, एकदा, दोनदा, मग गिळला. इतका वेळ कुणी नाव विचारलं नाही.

खतखड्ड्यावर करडा धोबी. या मोसमातला उद्यानातला पहिला.

७ ऑक्टोबर

कालची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली. हा उपक्रम कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने २००२ साली सुरू केला. स्वयंसेवकांसाठी नियम लिहून ठेवतो : सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर चाललो, निरीक्षक किती. आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी नोंदवायचा, कावळा-पारव्यासकट. कंटाळा येऊन साळुंकी गाळायची नाही. यादी पूर्ण असेल तरच एखादा पक्षी यादीत नाही याला अर्थ येतो.

२७ ऑक्टोबर

पिंपळ पिकलाय. मार्ग, थांबे, सगळं बाजूला ठेवून आज सगळा वेळ एकाच झाडाखाली काढला.

हे आधी ठरवलं नव्हतं. पिंपळाजवळ पोचलो तेव्हा वर इतकी गडबड होती की पुढे जायचा विषयच निघाला नाही. तांबट, कुटुरगे, लालबुड्या बुलबुल, साळुंक्या, पोपट, कोकिळेची ठिपक्यांची मादी. थोड्या वेळाने राखी धनेशाची जोडी. प्रत्येकाची खाण्याची तऱ्हा वेगळी. पोपट फळ पंज्यात धरून कुरतडतो, निम्मं खाली टाकतो. धनेश चोचीच्या टोकात फळ धरतो, डोकं मागे झटकतो आणि फळ घशात उडवतो. तांबट जाडी चोच घेऊन पानांच्या रंगात बसून राहतो. कपाळावरचा लाल ठिपका हलला तरच दिसतो. कोकिळा कुणी जवळ आलं की फांदीत दडते.

मग कुणीतरी विचारलं, ‘दुसऱ्या फाटकाजवळही पिंपळ आहे, त्याला फळ का नाही?’ यावर छान चर्चा झाली. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळाच्या आतच फुलं असतात आणि परागीभवन करणारी बारीकशी गांधीलमाशी त्यातूनच जन्मते. प्रौढ माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेवढ्यात तिला आत शिरण्याजोगं दुसरं फळ सापडावं लागतं. सगळे पिंपळ एकदम फळले असते तर मधल्या काळात ही माशी उरलीच नसती. म्हणून आज हे झाड, काही आठवड्यांनी ते. पक्ष्यांचा फायदा असा, की दुसरी कुठली फळं नसतात तेव्हाही आसपास एखादा वड-पिंपळ पिकलेला असतो.

शेवटी एकाने तक्रार केली, ‘आपण चाललोच नाही.’ खरं आहे. नोंदवहीत मी मात्र आजची फेरी सगळ्यांत वर ठेवली. यापुढे प्रत्येक फेरीत एक थांबा लांब ठेवायचा, निदान वीस मिनिटांचा. बाकीचे थांबे गळले तर गळू देत.

१० नोव्हेंबर

लाल छातीचा माशीमार आला, बांबूच्या बेटाच्या कडेला. दिसायच्या आधी आवाज : बारीक ‘टिर्रर्र’, आणि मग शेपटी वर उचलून खाली सोडणं. नराची छाती लाल, मादी साधी; पण शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दोघांनाही.

आज मर्लिन ॲपवरून वाद झाला. आवाज ऐकून पक्षी ओळखणारं हे ॲप उपयोगी आहे, नाकारायचं कारण नाही. पण गटातले निम्मे जण मोबाइलच्या पडद्याकडे बघत चालले होते. तेवढ्यात ॲपने शिक्रा हा शिकारी पक्षी सांगितला. सगळ्यांच्या माना वर. शिक्रा नव्हता, तारेवर कोतवाल होता आणि शिक्र्याची नक्कल करत होता. कोतवाल हे करतो. खारी मात्र निवांत होत्या. शिक्रा खरंच आला की खारींचा एकसुरी चिरचिराट सुरू होतो आणि सातभाई झुडपात घुसतात. तेव्हा नियम असा केला : ॲप चालेल, पण त्याने सांगितलेला पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आवाजाची खात्री पटल्याशिवाय यादीत नाही. आणि पक्ष्याला जवळ बोलवायला त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण वाजवायचं नाही. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी खाणं सोडून भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते.

परवा १२ तारखेला पक्षितज्ज्ञ सालिम अलींची जयंती. जन्म १८९६ चा. फेरी संपताना मुलांना त्यांच्या लहानपणचा प्रसंग सांगितला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी म्हणून ओळखली, पण नाव सांगून मुलाची बोळवण केली नाही. कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. फेरी घेणाऱ्यांनी मला वाटतं सालिम अलींइतकंच मिलर्डकडेही बघावं.

८ डिसेंबर

पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, ढोली आता गुपित राहिलेली नाही. सकाळी जोडी ढोलीच्या तोंडाशी उन्हाला बसते, आणि खाली कॅमेऱ्यांची गर्दी. एकाने खोडावर काठी आपटून पाहिली. पिंगळा मान वरखाली करू लागला की लोक हसतात, त्यांना तो नाच वाटतो. तो अस्वस्थ झाल्याची खूण आहे.

आमच्या फेरीपुरतं ठरलं : ढोलीखाली जायचं नाही. पायवाटेच्या पलीकडच्या बाकाजवळ थांबायचं, तिथून दुर्बिणीतून व्यवस्थित दिसतो. पक्ष्याने आपल्याकडे टक लावली तर आणखी मागे. फोटो कुठे टाकला तर झाडाची खूण सांगायची नाही, वीण सुरू झाली की अजिबात नाही.

रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की ते या पिंगळ्यांना अनेक वर्षांपासून बघताहेत. त्यांना पुढच्या फेरीला बोलावलंय. दुर्बीण नको म्हणाले.

१२ जानेवारी

उद्यानाच्या मुकादमांशी आणि माळ्यांशी बैठक. फेरीइतकंच महत्त्वाचं काम आणि फेरीपेक्षा अवघड.

आमच्या मागण्या तीन : वाळक्या फांद्या सरसकट छाटू नका, बांबूखालचा पालापाचोळा झाडून नेऊ नका, कुंपणाकडची झुडपं गुडघ्यापर्यंत कापू नका. मुकादम म्हणाले, ‘फांदी पडून कुणाला लागलं तर तुम्ही येणार का जबाब द्यायला?’ प्रश्न रास्त होता, त्याला पक्षीप्रेमाने उत्तर देता येत नाही.

म्हणून प्रत्यक्ष झाडाखाली जाऊन बोललो. तांबट जिवंत कठीण लाकडात बिळ कोरत नाही. त्याला वाळलेली, मऊ पडलेली फांदी लागते, आणि आडव्या फांदीला तो बहुतेकदा खालच्या बाजूने भोक पाडतो, म्हणजे पाऊस आत येत नाही. तांबट आणि सुतार कोरतात. मग त्यांनी सोडलेल्या बिळांत कोरता न येणारे पक्षी घर करतात. दयाळ, पोपट, साळुंकी यांची चोच लाकूड कोरायला केलेली नाही, पण वीण ढोलीतच. एक फांदी छाटली की पुढच्या कितीतरी बिऱ्हाडांची जागा गेली. एक माळीमामा हे ऐकून म्हणाले, ‘मग त्या सावरीच्या वरची फांदी ठेवा, तिच्याखाली कुणी जात नाही.’ तिथून बोलणं सरळ झालं.

ठरलं ते असं. पायवाट, बाकं आणि खेळाची जागा यांच्यावरच्या वाळक्या फांद्या छाटायच्या. बाकीच्यांना चुन्याची खूण करायची आणि दर तिमाहीला माळ्यांनीच तपासायच्या. मोठी फांदी कापावी लागली तर बुडाशी हातभर खुंट ठेवायचा. पालापाचोळा बांबूखाली राहील, बाकी ठिकाणी झाडला जाईल. झुडपांचा विषय पुढे ढकलला. उद्यानातले दिवे आणि सुरक्षितता यांच्याशी तो जोडलेला आहे, आणि त्यात आम्हीच बरोबर आहोत असं मला वाटत नाही.

परतताना पालापाचोळ्यात नारिंगी डोक्याचा कस्तूर पानं उलटत होता. मुकादमांनी आपणहून दाखवला.

१६ फेब्रुवारी

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचा तिसरा दिवस. १९९८ पासून चालणारी ही चार दिवसांची गणना आता जगभर होते. निदान १५ मिनिटं मोजायचं, एवढीच अट. गर्दी फार झाली, म्हणून तीन गट केले आणि प्रत्येक गटाची वेगळी यादी. एका झाडावर साळुंक्या ये-जा करत असतील तर एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा धरायचा. प्रत्येक फेरी मोजली तर चार साळुंक्यांच्या चाळीस होतात. पोपटांचा थवा दहा-दहाच्या पुंजक्यांनी मोजला. दुसरं काही विशेष नाही.

२ मार्च

दृष्टिहीन मित्रमैत्रिणींसाठी फेरी. वर्षातलं सगळ्यांत तयारीचं काम हेच होतं.

थांबे वेगळे निवडले : रस्त्याच्या गोंगाटापासून दूर, बसायला कठडा असलेले. प्रत्येकाला एक पुठ्ठा दिला, मधोमध चिकटवलेलं बटण. बटण म्हणजे आपण. आवाज ज्या दिशेने आला तिथे चिंचोका ठेवायचा, जवळचा तर बटणाजवळ, लांबचा तर कडेला. दहा मिनिटांत पुठ्ठ्यांवर उद्यानाचा नकाशा उमटला. कानांमागे तळहातांची ओंजळ धरली की समोरचा आवाज किती स्पष्ट होतो हेही सगळ्यांनी करून पाहिलं.

हिवाळाभर गप्प असलेला तांबट आता बोलू लागलाय. ‘टुक, टुक, टुक’, न थकता. एका ताईंनी एकाच तांबटासाठी तीन चिंचोके ठेवले होते, जवळजवळ. मी म्हटलं एकच पक्षी आहे. त्या म्हणाल्या, ‘एकच आहे, पण तो आवाज हलवतोय.’ तांबट बोलताना डोकं डावी-उजवीकडे वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. हे मला वाचून माहीत होतं. त्यांनी ते पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं. झुडपातला वटवट्याचा ‘चक’ आणि माशीमाराचा ‘टिर्रर्र’ यांतला फरक त्यांना पहिल्या खेपेस लागला. आमच्या काही स्वयंसेवकांना अजून लागत नाही.

यापुढे सगळ्याच फेऱ्यांची पहिली पाच मिनिटं डोळे मिटून.

२३ मार्च

तांबटाने बिळ कोरायला घेतलं. आम्ही राखून ठेवलेल्या एकाही फांदीवर नाही. छाटायच्या यादीत असलेल्या, पायवाटेवर आडव्या आलेल्या गुलमोहराच्या फांदीवर. माळीमामांनी फोन करून सांगितलं, वर म्हणाले, ‘तुमच्या पाखराला चुन्याची खूण वाचता येत नाही.’

फांदी राहिली. पायवाटेचा तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत दोरी लावून बंद. वळसा दहा पावलांचा. तरी दोन जणांनी कार्यालयात तक्रार केलीच.

४ मे

उन्हामुळे फेरी आता सहाला सुरू. आठनंतर घारीशिवाय फारसं काही हलत नाही.

हल्ली एकच प्रश्न रोज येतो : पिल्लू सापडलंय, काय करू? आज एक मुलगा बुलबुलाचं पिल्लू टोपीत घेऊनच आला. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा हरवलेलं नसतं. ते घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं असतं आणि आईबाप जवळच घिरट्या घालत असतात. सापडलं तिथेच, मांजर-कुत्र्याच्या आवाक्याबाहेरच्या झुडपात ठेवून लांब व्हायचं. हात लावला की आईबाप टाकून देतात हा समज खोटा आहे. पिसं न आलेलं, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवायचं. जखमी असेल तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना फोन. तोपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, चोचीत पाणी न ओतता.

मुलाने पिल्लू जास्वंदीत ठेवलं. बुलबुल चोचीत किडा घेऊन येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. आजचा लांब थांबा तोच.

८ जून

पावसाच्या आधी रात्रीचा प्रवास करणारा नवरंग कधीकधी थकून शहरातल्या बागांत उतरतो. आज एक खतखड्ड्यामागे जमिनीवर चालत होता. फेरी नेहमीप्रमाणे न नेता गटातले चार-चार जण आळीपाळीने पाठवले, प्रत्येकी दोन मिनिटं. कुरकुर झाली. नवरंग पाऊण तासानंतरही तिथेच पानं उलटत होता, म्हणजे ते जमलं म्हणायचं.

फेऱ्या आता पाऊस ओसरेपर्यंत बंद. सप्टेंबरपासून पिंपळाचा थांबा नववीतली एक स्वयंसेविका घेईल, पिंगळ्याचा थांबा आजोबा.

उद्यान विभागाने फलक लावायची तयारी दाखवली आहे : पक्ष्यांचे फोटो आणि खाली नावं. आम्ही उलट सुचवलं, की फलक पक्ष्याचा नको, जागेचा हवा. पिंपळाखाली : ‘फळं असतील तर वीस मिनिटं थांबा. कोण फळ गिळतं, कोण टाकतं ते पाहा.’ बाकाजवळ : ‘पिंगळा इथूनच पाहा.’ बांबूपाशी : ‘डोळे मिटा. किती आवाज?’ नावं हवी असतील तर मागच्या बाजूला, लहान अक्षरात. मजकूर पाठवला आहे. फलकांच्या उंचीचा निर्णय यायचा आहे. आम्ही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मागितले आहेत, आणि अक्षरांशेजारी ब्रेलही.